भाची बीसीएला जाणार : आधी सी, पायथन की थेट जावा?

कोपरगावकर

नमस्कार मंडळी. भाचीची बारावी कॉमर्स झाली, बीसीएची (संगणकाच्या पदवीची) सीईटीही देऊन झाली. कॉलेज सुरू व्हायला दहाएक आठवडे आहेत. तेवढ्यात प्रोग्रामिंगला हात घालावा असं तिच्या मनात आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित ठीकठाक, कोडिंगचा गंध नाही.

ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. शेजारचा इंजिनिअर मुलगा म्हणतो, सी आल्याशिवाय काही खरं नाही. ऑफिसातले म्हणतात पायथन घ्या, बाकी सगळं जुनं झालं. इथला एक क्लासवाला तीन महिन्यांत 'जावा फुल स्टॅक' करून देतो म्हणतो. फी पंचावन्न हजार, वर नोकरीची हमी.

लॅपटॉप जुना आहे: चार जीबी रॅम, विंडोज १०, साधी हार्ड डिस्क. रोज दीड-दोन तास ती देऊ शकेल. पहिली भाषा कोणती घ्यावी, सुरुवात नेमकी कशी करावी आणि या लॅपटॉपवर ते चालेल का, एवढं जाणकारांनी सांगावं.

---

अर्धविराम

आधी एक काम करा. ज्या कॉलेजात प्रवेश मिळायची शक्यता आहे, त्या विद्यापीठाच्या साइटवरून बीसीएच्या पहिल्या दोन सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाला सी असतेच. ती असेल असं धरून सांगतो: पहिले सहा आठवडे पायथन, उरलेले चार सी.

नवख्याला एका वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे काम पायऱ्यापायऱ्यांनी मांडणं, दुसरी भाषेचे नियम. पायथनमध्ये दुसरं ओझं बरंच हलकं असतं. नाव विचारून नमस्कार करणारा प्रोग्राम तिथे दोन ओळींत होतो. सीमध्ये त्यासाठी हेडर फाइल, मेन, कॅरॅक्टर ॲरे, स्कॅनएफ आणि परसेंट-एस लागतं. त्यातल्या निम्म्या गोष्टी 'आत्ता असंच लिही, नंतर कळेल' म्हणून लिहायला लावतात. पाठांतराची सवय तिथेच लागते आणि मग ती तीन वर्षं सुटत नाही.

लॅपटॉपवर व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या भानगडीत पडू नका. चालतं, पण शेजारी क्रोम उघडं असलं की चार जीबी रॅमवर रांगायला लागतं. 'थॉनी' नावाचा एडिटर घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनवलेला आहे, फुकट आहे आणि पायथन त्याच्या पोटातच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. उघडल्यावर व्ह्यू मेनूतून 'व्हेरिएबल्स'ची (किमती साठवायला दिलेल्या नावांची) खिडकी चालू करा. प्रोग्राम एफ-५ ने चालतो. पण खरी गंमत कंट्रोल-एफ-५ मध्ये आहे. त्याने प्रोग्राम पहिल्या ओळीवर थांबतो, मग एफ-६ दाबत एकेक ओळ पुढे जायचं. एफ-७ दाबलं तर ओळीतला एकेक तुकडा कसा सोडवला जातो तेही दिसतं. पहिले पंधरा दिवस प्रत्येक प्रोग्राम एकदा असा चालवायचाच. लूप (तीच कृती पुन्हापुन्हा करणं) म्हणजे काय हे वाचून कळत नाही, व्हेरिएबलचा आकडा डोळ्यांदेखत बदलताना कळतं.

क्रम साधारण असा. पहिला आठवडा प्रिंट, इनपुट, व्हेरिएबल, साधं गणित. दुसरा इफ-एल्स. तिसरा आणि चौथा लूप आणि लिस्ट. इथे घाई नको, बहुतेक मुलं इथेच अडखळतात. पाचवा फंक्शन. सहावा डिक्शनरी आणि फाइल वाचणं-लिहिणं. क्लास, ऑब्जेक्ट वगैरे या सहा आठवड्यांत अजिबात नको.

सरावाला पाठ्यपुस्तकी गणितांपेक्षा घरातली घ्या. वीजबिलाचं उत्तम आहे. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. दर हिशोबाला सोपे, मनाचे धरा: ५, १०, १५, १८ रुपये. २५० युनिटचं बिल किती? पहिल्या शंभराचे ५००, पुढच्या दीडशेचे १५००, म्हणजे २०००. पहिल्या फटक्यात हमखास होणारी चूक अशी की २५० हा आकडा दुसऱ्या टप्प्यात बसतो म्हणून सगळ्याच युनिटना १० रुपये लावले जातात आणि बिल २५०० येतं. २५० वर ही चूक एखाद्या वेळी नजरेतून सुटेल, १०१ वर नाही सुटणार: बरोबर बिल ५१०, चुकीचं १०१०. एक युनिट वाढलं आणि बिल दुप्पट झालं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून प्रोग्राम झाला की ०, १००, १०१, ३००, ३०१ आणि उणे ५ हे आकडे टाकून बघायचे. सीमेवरच्या आकड्यांनी तपासायची ही सवय पहिल्या महिन्यात लागली तर पुढे फार उपयोगी पडते.

आता हमखास येणाऱ्या अडचणी. (कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचा.)

इनपुटमधून येतं ते नेहमी अक्षरांच्या रूपात येतं. ५ आणि ५ टाकून बेरीज केली की ५५ छापून येतात. त्यावर उपाय इंट(इनपुट()), म्हणजे अक्षरांचा पूर्णांक करून घेणं. पण मग कुणी ५.५ टाकलं की व्हॅल्यू एरर येते. तिथे फ्लोट (दशांश आकडा) वापरायचं.

व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात आणि 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' म्हणून सिंटॅक्स एरर येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे तासभर जातो. चिन्हं खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करायची. मुळात चिकटवूच नका, हाताने टाइप करा.

ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा पायथनमध्ये अर्थासकट मोजली जाते. चार स्पेस, सगळीकडे सारख्या. थॉनीत टॅब दाबला की चार स्पेसच पडतात. पण मोबाइलवर लिहिलेला कोड तिथे आणला की टॅब-स्पेसची सरमिसळ होते आणि टॅब एरर येते.

आणि एरर आली की खालून वर वाचायची. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुठल्या ओळीत झालं ते. लाल मजकूर दिसला की खिडकीच बंद करायची, ही सवय मोडायला हवी.

---

जुना_कंपायलर

अर्धविराम यांच्याशी आदरपूर्वक असहमत. वीजबिलाचं उदाहरण झकास आहे, ते सीमध्येही तितकंच झकास चालतं. सत्र सुरू झालं की परीक्षा सीची, प्रॅक्टिकल सीचं, जर्नल सीचं. दहा आठवड्यांतले सहा दुसऱ्या भाषेत घालवून मग सीला चार? उलट करा, दहाही सीला द्या.

सी त्रास देते हे खरं, पण त्या त्रासातूनच मशीन कळतं. एक उदाहरण बारकाईने बघू. ६०० पैकी ४३७ गुण, टक्केवारी काढायची. गुण आणि एकूण दोन्ही इंट. पोरं लिहितात: ४३७ / ६०० * १००. उत्तर येतं शून्य. कारण दोन पूर्णांकांचा भागाकार सीमध्ये पूर्णांकच देतो. ०.७२८ मधला दशांश कापला जातो, उरतं ०, त्याला शंभराने गुणून शून्यच.

मग कुणीतरी सांगतं, आधी गुण, मग भाग. ४३७ * १०० / ६००. आता ७२ येतात. बरं वाटतं, पण .८३ गेलेच. हाच प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामवर) चालवला की टक्केवारी येते उणे ३६! ती यायचं कारण असं: टर्बो सीमधला इंट १६ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ४३७ गुणिले १०० म्हणजे ४३,७००. मावत नाहीत, म्हणून त्यातून ६५,५३६ वजा होऊन उणे २१,८३६ उरतात. त्याला ६०० ने भागलं की उणे ३६. बरोबर उत्तर हवं तर ४३७ * १००.० / ६०० लिहायचं आणि परसेंट-पॉइंट-टू-एफने छापायचं, म्हणजे ७२.८३ येतील. एका बिंदू-शून्याने पूर्ण हिशोब दशांशात जातो. पायथनमध्ये हा धडा मिळतच नाही, तिथे पहिल्याच फटक्याला ७२.८३३३ येऊन मोकळं.

टर्बो सीचा विषय निघालाच आहे तर: घरच्या लॅपटॉपवर ते टाकू नका. ते डॉसच्या जमान्यातलं, ६४ बिटी विंडोजवर थेट चालतच नाही, डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स लागतो. त्याच्यावर शिकलेलं सीएलआरएससीआर, व्हॉइड मेन, आयओस्ट्रीम-डॉट-एच हे सगळं बाहेरच्या जगात चालत नाही किंवा वॉर्निंग देतं. घरी 'कोड ब्लॉक्स' घ्या. उतरवताना एकच काळजी: फाइलच्या नावात 'मिनजीडब्ल्यू' असलेली सेटअप फाइलच घ्यायची. त्याशिवायची छोटी फाइल घेतली तर एडिटर उघडतो पण कंपायलर सापडत नाही म्हणून अडून बसतो. नवखे निम्मे इथेच गळतात आणि दोष सीला देतात. सेटिंग्जमध्ये कंपायलरखाली 'एनेबल ऑल कॉमन कंपायलर वॉर्निंग्ज'वर टिक करा. मग इफच्या कंसात दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं तर निदान वॉर्निंग तरी येते. एरवी तो प्रोग्राम गुपचूप चालतो आणि अट कायम खरी ठरते (उजवीकडे शून्य असेल तर कायम खोटी). लॅबमध्ये टर्बोच असेल तर तिथे सीएलआरएससीआर लिहा, सरांशी वाद घालू नका.

चार जीबी रॅमला कोड ब्लॉक्स अगदी आरामात चालतं.

---

अर्धविराम

@जुना_कंपायलर, उणे ३६ चं उदाहरण लाजवाब. पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. ते उत्तर चूक आहे हे ओळखायला टक्केवारीचा प्रोग्राम नेमका काय करणार हे डोक्यात स्वच्छ हवं. जिला व्हेरिएबल आणि भागाकाराची ओळ अजून एकत्र दिसत नाही, तिला शून्य आलं काय नि उणे ३६ आलं काय, 'माझंच काहीतरी चुकलं' एवढंच वाटतं. आधी पायथनमध्ये ७२.८३ येऊ दे. मग तोच प्रोग्राम सीमध्ये लिहून शून्य येऊ दे. तेव्हा प्रश्न बरोबर जागी पडतो: तर्क तोच, मग उत्तर का बदललं?

परीक्षेच्या मुद्द्याला मात्र उत्तर नाही. पहिल्या सत्रात सी असेल आणि हातात दहाऐवजी चारच आठवडे असते, तर मीही थेट सीच सांगितली असती.

---

फोनवरून

दोघांचंही मान्य, पण लॅपटॉप जुना, हार्ड डिस्क साधी, तर काहीही न टाकता सुरू होणारी भाषा सोडून का द्यायची? जावास्क्रिप्ट प्रत्येक ब्राउझरमध्ये बसलेलीच आहे. क्रोममध्ये एफ-१२, मग कन्सोल, आणि लिहायला सुरुवात. केलेलं काम लगेच पडद्यावर दिसतं, बटण दाबलं की रंग बदलतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला बेरजेपेक्षा हे जास्त धरून ठेवतं.

---

अर्धविराम

वेब पेज बनवायची आवड असेल तर जरूर. पण पहिली भाषा म्हणून माझी तक्रार अशी की ती चुकीवर बोलत नाही. पायथनमध्ये अक्षरातले "५" आणि आकड्यातले ५ मिळवायला गेलं तर टाइप एरर देऊन थांबते. जावास्क्रिप्ट बिनबोभाट "५५" देते. आणि त्याच दोघांची वजाबाकी केली तर शून्य! म्हणजे अधिकला अक्षरं, उणेला आकडे. नवख्याने काय समजायचं? यादीत नसलेली गोष्ट मागितली तरी 'अनडिफाइन्ड' म्हणून पुढे चालू. पानावर काहीच दिसत नाही, आणि कन्सोल उघडा आहे की नाही हेच पोरांना माहीत नसतं.

तरी घेतलीच तर दोन नियम: तुलना कायम तीन बरोबरच्या चिन्हांनी करायची आणि कन्सोल सतत उघडा ठेवायचा.

दशांशाचं एक मात्र पायथन आणि जावास्क्रिप्ट दोघींतही सारखंच आहे. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक दशांश बायनरीत साठवतो आणि ०.१ बायनरीत नेमका बसत नाही. कॉमर्सवाल्यांनी हे पहिल्या महिन्यातच बघून ठेवावं. पैशाचा हिशोब पैशांत, म्हणजे पूर्णांकांत करायचा आणि छापताना शंभराने भागायचं. पायथनमध्ये डेसिमल मॉड्यूलही (तयार कोडचा संच) आहे.

---

रिकामी_ओळ

जावाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

भाषा चांगली आहे, बीसीएच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बहुधा येईलच. पहिली म्हणून जड. एक ओळ छापायला क्लास, त्यात पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, त्यात स्ट्रिंगचा ॲरे. फाइलचं नाव आणि पब्लिक क्लासचं नाव अक्षरश: एक हवं, कॅपिटल-स्मॉलसकट, नाहीतर कंपाइलच होत नाही. २०२५ च्या जावा २५ मध्ये हे सगळं बरंच कमी केलंय, क्लासशिवाय नुसतं मेन लिहिता येतं. पण कॉलेजात आणि क्लासेसमध्ये जुन्याच पद्धतीने शिकवतात, त्यामुळे त्याचा फायदा इतक्यात नाही. जोडीला कुणी अँड्रॉइड स्टुडिओ टाकायला सांगितला तर नाही म्हणा. त्याला किमान आठ जीबी रॅम लागते.

आता क्लास. गणित करून बघा. रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस, तेरा आठवडे: १५६ तास. त्यात शून्यापासून कोअर जावा, एसक्यूएल, एचटीएमएल-सीएसएस, जावास्क्रिप्ट, स्प्रिंग बूट आणि रिॲक्ट बसवायचं. जिने आजवर एकही लूप लिहिलेला नाही तिच्यासाठी हे नुसतं पाट्या टाकणं होईल. शेवटी सगळ्या बॅचचा एकच तयार प्रोजेक्ट, नाव बदलून.

आणि नोकरीची हमी कसली? भाची पुढची तीन वर्षं कॉलेजात असणार. तिला ती हमी केव्हा लागू होणार, हे लेखी विचारा. 'प्लेसमेंट गॅरंटी' आणि 'प्लेसमेंट असिस्टन्स' यांत काय फरक आहे तेही विचारा. हप्त्यांत फी म्हणाले तर हप्ते क्लासला जाणार की कर्ज देणाऱ्या कंपनीला, हे सही करण्याआधी बघा. कर्ज असेल तर क्लास मध्येच सोडला तरी हप्ते सुटत नाहीत.

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सी आणि सी-प्लस-प्लसचे मराठीत डब केलेले छोटे व्हिडिओ आहेत, फुकट. त्यात उबुंटू लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर वापरून दाखवलंय, त्यामुळे पडदा वेगळा दिसेल. कोड तोच, फक्त टर्मिनलमधल्या आज्ञांऐवजी कोड ब्लॉक्समध्ये एफ-९ दाबायचं.

पंचावन्न हजारांतले थोडे खर्च करायचेच असतील तर लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी बसवून घ्या. त्या मशीनला दुसऱ्या कशानेही इतका फरक पडणार नाही.

---

कोपरगावकर

सर्वांचे मनापासून आभार. क्लासवाल्याला 'हमी केव्हा लागू' विचारलं, तर विषय बदलला. क्लास रद्द. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला सी आहे. भाचीने दोन्ही बाजू वाचल्या आणि आधी पायथन, मग सी असं ठरवलं. (जुना_कंपायलर, रागावू नका.)

पण पहिल्याच दिवशी अडलो. तिच्या मैत्रिणीने थॉनीऐवजी पायथनच्या साइटवरून पायथन टाकून दिलं. काळ्या खिडकीत पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं! नंतर थॉनीही टाकलं, ते चालतंय. पण त्यात एक ते सहामधला कोणताही आकडा देणारा फाशाचा प्रोग्राम केला तर रँडम मॉड्यूलमध्ये रँडइंट नाहीच म्हणतंय. कोड पुस्तकातल्यासारखाच आहे, चार वेळा ताडून बघितला.

---

अर्धविराम

दुसरी अडचण आधी. फाइल कुठल्या नावाने सेव्ह केलीय? रँडम-डॉट-पीवाय असणार. पायथन मॉड्यूल शोधताना आधी तुमच्याच फोल्डरमध्ये बघते. तिथे त्या नावाची तुमचीच फाइल सापडते, ती तीच उचलते, आणि त्यात रँडइंट कुठून असणार? फाइलचं नाव 'फासा' वगैरे करा. मॅथ, टर्टल, कॅलेंडर ही नावंही फाइलला देऊ नका.

स्टोअरचं कारण: टाकताना पहिल्याच पडद्यावर तळाशी 'ॲड पायथन टू पाथ' असा चौकोन असतो, त्यावर टिक करायची राहून गेली असणार. मग विंडोजला पायथन सापडत नाही आणि ती स्वतःचा स्टोअरकडे नेणारा शॉर्टकट उघडते. सर्वांत सोपं: पायथनऐवजी नुसतं 'पीवाय' टाइप करून बघा, तो लाँचर बहुतेक वेळा चालतो. नाहीतर सेटिंग्जमध्ये ॲप्सखाली 'ॲप एक्झिक्युशन अलायसेस' शोधा, तिथे पायथनच्या नावापुढची दोन्ही बटणं बंद करा. मग सेटअप पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडा, पुढच्या पडद्यांवर 'ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'वर टिक करा आणि काळी खिडकी बंद करून नवी उघडा, जुन्या खिडकीला बदल कळत नाही. पण थॉनी चालतंय ना? मग सहा आठवडे याची गरजच नाही.

---

कोपरगावकर

फाइलचं नाव तेच होतं! चालला. आता भाचीचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवली तर चालतात का? आणि मैत्रिणींची नावं-गुण फाइलमध्ये लिहून एक्सेलमध्ये उघडले तर सगळा कचरा दिसतो, ते का?"

---

तळटीप

ताई, चालतात. पायथन ३ मध्ये किंमत, बेरीज, एकूण_गुण अशी देवनागरी नावं बिनदिक्कत देता येतात. इफ, फॉर वगैरे भाषेचे शब्द मात्र इंग्रजीच. एक खाच आहे: काही कीबोर्ड दुसऱ्या-तिसऱ्यातला अर्धा र उमटवायला मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ते नावात आलं की 'नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर' म्हणून सिंटॅक्स एरर येते आणि ओळीत काही चुकलेलं दिसत तर नाही. अशी अक्षरं नावांत टाळा. कॉलेजच्या सीमध्ये मराठी नावांच्या वाटेला जाऊच नका.

आकड्यांची गंमत बघा. कोडमध्ये थेट मराठी आकडे लिहिले तर एरर. पण चालू प्रोग्रामला इनपुट म्हणून मराठीत १२३ दिलं तर इंट() ते बिनतक्रार एकशे तेवीस समजतं. जावास्क्रिप्टला तेच दिलं तर 'हा आकडाच नाही' म्हणते.

शब्दाची लांबी मोजतानाही चकायला होतं. 'नमस्ते'ची लांबी पायथन ६ सांगते: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसत असली तरी मोजले जातात ते संगणकाचे घटक. सीमध्ये एसटीआरलेन तेच १८ सांगेल, कारण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट. तेव्हा मराठी शब्द उलटा करण्याचा प्रोग्राम लिहू नका, मात्रा भलत्याच अक्षराला चिकटतात.

कचऱ्याचं कारण: विंडोजवर पायथनने फाइल उघडताना कोणतं एन्कोडिंग हे सांगितलं नाही तर ती विंडोजचं जुनं धरते आणि मराठीवर अडते. म्हणून ओपनमध्ये एन्कोडिंग कायम लिहायचं, यूटीएफ-८. त्याने फाइल बरोबर होते, पण एक्सेल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीची साधी फाइल) उघडताना ते ओळखत नाही आणि तुम्हाला दिसला तसा कचरा दाखवतं. एक्सेलसाठी लिहायची असेल तर यूटीएफ-८-एसआयजी द्यायचं. त्याने फाइलच्या आरंभी एक खूण पडते, ती बघून एक्सेलला कळतं. तुमची आधीची फाइल खराब नाही, नोटपॅडमध्ये उघडून बघा, नीट दिसेल.

---

जुना_कंपायलर

कोपरगावकर, रागावलो नाही. सातव्या आठवड्यात सीकडे याल तेव्हा नवे प्रोग्राम शोधू नका. पायथनमध्ये केलेलेच पाच परत लिहा: टक्केवारी, वीजबिल, पाढा, लीप वर्ष (१९०० नाही, २००० आहे, हे दोन्ही आलं पाहिजे) आणि फॅक्टोरियल. शेवटच्यात १२ पर्यंत उत्तर जुळेल. १३ ला पायथन ६,२२,७०,२०,८०० देईल आणि सी १,९३,२०,५३,५०४. ३२ बिटी इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या वर मावत नाही. टक्केवारीत घडलं तेच, फक्त भांडं मोठं. इंटऐवजी लाँग लाँग आणि परसेंट-एलएलडी केलं की २० पर्यंत निभावतं.

पहिल्या दिवशी अडणार ते स्कॅनएफपाशी. व्हेरिएबलच्या आधी अँपरसँड (&) विसरला की कंपाइल होतं, पण चालवताना प्रोग्राम कोसळतो. वर सांगितलेल्या वॉर्निंग चालू असतील तर आधीच कळेल.

दुसरं, आकडा वाचल्यावर लगेच परसेंट-सीने एक अक्षर वाचायला गेलात तर प्रोग्राम न थांबताच पुढे पळतो. आकड्यानंतर दाबलेला एंटर तिथे पडून असतो, तोच अक्षर म्हणून उचलला जातो. अवतरणात परसेंटच्या आधी एक स्पेस द्या, म्हणजे तो एंटर गिळला जाईल. पोरं यावर एफफ्लश(एसटीडीइन) लिहितात, काही सरही शिकवतात. विंडोजवर ते चालल्यासारखं वाटतं, पण सीच्या नियमांत त्याला आधार नाही. स्पेसच द्या.